कॅसिनोच्या ॲपचा हिशोब कसा तपासायचा

वेंगुर्ल्यात मी एका पतपेढीची पिग्मी गोळा करते. दाभोली नाक्यापासून मासळी बाजारापर्यंत संध्याकाळची फेरी असते. कुणाचे पन्नास, कुणाचे शंभर, कुणी नुसतंच "उद्या देतंय" म्हणून हात हलवतो. हल्ली हा उद्या लांबायला लागला की मी त्याच्या मोबाइलकडे बघते. स्क्रीनवर विमान उडत असतं, नाहीतर फळं फिरत असतात. आणि मग प्रश्न येतो, "काकी, तुमका हिशोब कळता. ह्या खरा असा की फसवतत?"

हा प्रश्न इतक्या वेळा आला की उत्तर एकदा नीट लिहूनच काढते. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाकाला किंवा पत्त्याला आतून कुणी हात लावतं का, ही एक. आणि कुणीही हात लावला नाही तरी मिळणारे पैसे जोखमीच्या मानाने कमी असतात का, ही दुसरी. लोक पहिली विचारतात. मी दुसरीपासून सुरुवात करते, कारण तिला कागद-पेन पुरतं आणि बहुतेक वेळा पहिलीपर्यंत जायची गरजच उरत नाही.

आधी कपात काढा, म्हणजे लावलेल्या शंभरातले खेळ चालवणारा स्वतःकडे किती ठेवतो ते. रीत सोपी आहे: जेवढे निकाल लागू शकतात त्या सगळ्यांवर एकेक रुपया लावलाय असं धरा आणि परत किती येतात ते बघा. मटक्याचा भाव आमच्याकडे म्हाताऱ्यांनाही पाठ आहे, सुट्या आकड्याला रुपयाला नऊ. आकडे दहा. दहा रुपये गेले, नऊ आले, म्हणजे शंभरामागे दहा मटकेवाल्याचे. जोडीला नव्वद मिळतात आणि जोड्या शंभर, म्हणजे कपात तीच. आता हीच रीत रुलेटला, म्हणजे गोटी फिरवायच्या आकड्यांच्या चाकाला, लावा. युरोपियन चाकावर शून्य ते छत्तीस अशी ३७ घरं असतात. एका घरावर लावलेला रुपया लागला तर पस्तीस नफा आणि आपला एक परत, मिळून छत्तीस. सदतीस लावले, छत्तीस आले. कपात २.७ टक्के. अमेरिकन चाकावर दुहेरी शून्याचं एक घर जादा असतं, भाव मात्र छत्तीसच, म्हणून कपात होते ५.२६. दिसायला दोन्ही चाकं सारखीच लाल-काळी. त्यामुळे ॲपमध्ये रुलेट उघडलंत तर सगळ्यात आधी शून्यं मोजा.

अंदर-बाहर जत्रेत आपण सगळ्यांनी बघितलाय. त्यातही एक बारीक गोम आहे. पहिला पत्ता ज्या बाजूला पडतो त्या बाजूला, मधल्या उघड्या पत्त्याशी जुळणारा पत्ता निघण्याची शक्यता ५१.५ टक्के असते, दुसरीकडे ४८.५. म्हणून ऑनलाइन टेबलावर पहिल्या बाजूला रुपयाला नव्वद पैसे नफा देतात आणि दुसरीला पूर्ण रुपया. हिशोब मांडला तर पहिल्या बाजूवर शंभरामागे २.१५ जातात, दुसरीवर ३. ज्या बाजूला पूर्ण रुपया मिळतो तीच महाग. बॅकरॅट या पत्त्यांच्या खेळात बँकर आणि प्लेअर अशा दोन बाजू असतात. तिथे बँकरवर सुमारे १.०६ टक्के जातात, प्लेअरवर १.२४, पण बरोबरीवर, रुपयाला आठ नफा बघून ज्याच्यावर सगळे भुलतात त्या ‘टाय’वर, १४ टक्क्यांच्या वर. एकाच टेबलावर, एकाच पत्त्यांच्या जोडात. ब्लॅकजॅक या एकवीस करायच्या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले तर तीनास दोन (दोन रुपयांना तीन नफा) भाव देतात की सहास पाच (पाच रुपयांना सहा नफा), ते टेबलावर लिहिलेलं असतं. सहास पाच असेल तर उठा. त्या एका ओळीने कपात सव्वा टक्क्याहून जास्त वाढते.

स्लॉटला, म्हणजे फिरणाऱ्या फळांना, हे कागद-पेन चालत नाही. कोणतं चित्र किती वेळा यावं याचं वजन प्रोग्रामात असतं, ते बाहेरून दिसत नाही. सात आकडा दोनदा लागून तिसरा जरासा वरच अडकला, तर तो ‘थोडक्यात हुकला’ असं काही नसतं. निकाल बटण दाबताक्षणी ठरलेला असतो, फिरणं नंतरची सजावट. तिथे बघायचा तो आरटीपी नावाचा आकडा: लावलेल्या शंभरापैकी लांबच्या हिशोबाने किती परत जातात. ऑनलाइन स्लॉटना तो बहुधा ९४ ते ९७ च्या आसपास असतो. तो खेळाच्या आतल्या माहितीच्या पानावर शोधा, बारीक ‘आय’ किंवा प्रश्नचिन्हाच्या खुणेमागे. इंटरनेटवर दुसरीकडे वाचलेला आकडा धरू नका. खेळ बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या एकाच खेळाच्या दोन-तीन आवृत्त्या विकतात, एकीत ९६, दुसरीत ९४, तिसरीत त्याहून खाली, आणि कोणती लावायची ते साइटवाला ठरवतो. नाव तेच, चित्रं तीच, संगीत तेच. माहितीच्या पानावर आकडाच दिला नसेल तर तिथेच थांबा, पुढचं वाचायचीसुद्धा गरज नाही.

आता तुम्ही म्हणाल, मटका शंभरात दहा खातो आणि हे ॲप चारच, मग ॲप बरं की. इथेच सगळे फसतात, आणि इथेच मी जास्त वेळ घेणार आहे.

हा टक्का तुम्ही भरलेल्या पैशांवर नसतो. तो प्रत्येक वेळी लावलेल्या पैशांवर असतो, आणि तेच पैसे पुन्हा पुन्हा लावले जातात. मटक्याचा आकडा दिवसात ओपन आणि क्लोज असा दोनदा. माणसाने शंभर लावले तर सरासरीने दहा गेले, मग उद्यापर्यंत गप. स्लॉटवर दहा रुपयांचा एक फेरा धरा, मिनिटाला दहा फेरे धरा. अंगठा सरावला की यात काही विशेष नाही. तासाला सहाशे फेरे, म्हणजे सहा हजारांची उलाढाल. तिच्यावर चार टक्के म्हणजे दोनशे चाळीस रुपये तासाला. खिशात हजारच होते, तरी उलाढाल सहा हजारांची झाली, कारण मध्येमध्ये जिंकलेले पैसेही पुन्हा आतच गेले. रोज दोन तास खेळणाऱ्याचे महिन्याला चौदा हजारांच्या वर जातात, आणि हे सगळं खेळ अगदी प्रामाणिक असताना. नशिबाने एखाद्या महिन्यात कमी जातील, एखाद्यात जास्त. सरासरी मात्र सुटत नाही.

ब्रिटनमध्ये जुगाराला परवाना आहे, तिथल्या नियामकाला हीच गोष्ट कळली. ऑक्टोबर २०२१ पासून तिथे ऑनलाइन स्लॉटचा एक फेरा अडीच सेकंदांपेक्षा लवकर संपवता येत नाही, आपोआप खेळत राहण्याचं बटण बंद आहे, आणि लावले त्याहून कमी परत आले तर घंटा-दिवे वाजवायला मनाई आहे. शेवटचं कलम तुमच्या फोनवर तपासून बघा. दहा लावले, चार परत आले, तरी पडद्यावर नाणी उधळतात आणि ‘विन’ असं चमकतं. सहा गेले, आणि डोकं म्हणतं जिंकलो. २०२५ मध्ये त्यांनी एका फेऱ्याला लावायची रक्कमही पाच पौंडांवर आणली, पंचविशीच्या आतल्यांना दोन.

म्हणून वही करा. साधी चाळीस पानी, दोन रकाने: ॲपमध्ये भरले किती, बँकेत परत आले किती. ॲपच्या आतली शिल्लक लिहायची नाही, ते पैसे नव्हेत. मी पिग्मीत हाच नियम पाळते, हातात पडल्याशिवाय पावती नाही. बाजारातल्या एका पोराला ही वही करायला लावली. तो म्हणत होता, मी साधारण बरोबरीत आहे. बँकेचं स्टेटमेंट काढून भरलं तेव्हा त्याने बेरीज माझ्याकडून दोनदा तपासून घेतली. किती होती ते त्याच्या घरीसुद्धा मी सांगितलेलं नाही, इथेही सांगत नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे, हात लावतात का.

ऑनलाइन खेळात निकाल काढतो तो यादृच्छिक आकडे तयार करणारा प्रोग्राम, आरएनजी. तो चांगला असेल तर मागच्या निकालाचा पुढच्याशी संबंध नसतो. तो वाईट निघू शकतो, आणि निघालाही आहे. १९९९ साली प्लॅनेट पोकर या साइटला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एएसएफ कंपनीने आपण किती सरळ आहोत हे दाखवायला पत्ते पिसण्याची पद्धत जाहीर केली. बावन्न पत्त्यांच्या मांडण्या इतक्या असतात की तो आकडा लिहायला ६८ अंक लागतात. पण यांचा प्रोग्राम सुरुवात घड्याळावरून करायचा, मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून, आणि दिवसाला ते फक्त ८ कोटी ६४ लाख. सुरक्षेचं काम करणाऱ्या काही संगणकतज्ज्ञांनी घड्याळ जुळवून ते दोन-एक लाखांवर आणले आणि पाच पत्ते दिसले की बाकीचे सगळे सांगू लागले. इथे लबाडी नव्हती, अडाणीपणा होता. लबाडी २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकरवर झाली. तिथे आतल्या कुणाला तरी समोरच्यांचे झाकलेले पत्ते दिसत होते, आणि ते पकडलं खेळाडूंनीच, डावांच्या नोंदी एकेक तपासून. अमेरिकेत तर एडी टिप्टन नावाचा माणूस लॉटरी संघटनेचा सुरक्षाप्रमुख होता. त्याने सोडतीच्या संगणकात असा तुकडा घातला की वर्षातल्या ठरावीक दिवशी आकडे आधी कळावेत. २०१७ मध्ये त्याला पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. राखणदारच होता तो.

म्हणून तपासणाऱ्या प्रयोगशाळा असतात: जीएलआय, ईकोग्रा, आयटेक लॅब्ज, बीएमएम. त्या आरएनजी आणि आरटीपी दोन्ही तपासतात. साइटच्या तळाशी त्यांचं बोधचिन्ह दिसलं तर त्यावर बोट ठेवा. प्रयोगशाळेच्या स्वतःच्या साइटवर त्याच नावाचं प्रमाणपत्र उघडलं पाहिजे. नुसतं चित्र मोठं होत असेल, किंवा काहीच होत नसेल, तर ते चित्रच आहे. परवान्याचंही तसंच: परवाना क्रमांक बघून माल्टा किंवा ब्रिटनच्या नियामकाच्या यादीत स्वतः शोधा, साइटने दिलेल्या लिंकवरून जाऊ नका. लोकप्रिय खेळांच्या नकला करून, आतला टक्का बदलून चालवणाऱ्या साइटी आहेत. त्यांच्याकडेही बोधचिन्हं रंगीत असतात.

आणि प्रमाणपत्र खरं निघालं तरी त्याचा अर्थ नीट घ्या. मासळी बाजारातल्या काट्यावर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो. त्याने किलो म्हणजे किलो एवढंच कळतं, सुरमईचा भाव परवडणारा आहे असं कळत नाही.

विमानाच्या खेळांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सध्या त्याचीच साथ आहे. एव्हिएटर आणि त्याच्यासारखे. विमान वर जाईल तशी लावलेल्या पैशांची पट वाढते, ते पडण्यापूर्वी बटण दाबून उतरायचं, नाहीतर लावलेले गेले. यांत ‘सिद्ध करता येणारी सचोटी’ म्हणून एक सोय असते, आणि ती खरोखर हुशारीची आहे. डाव सुरू होण्यापूर्वी साइट आपला गुप्त आकडा एसएचए-२५६ सारख्या पद्धतीने झाकून त्याची लांबलचक मोहर दाखवते. डावात तुमच्या बाजूचा आकडाही मिसळला जातो. डाव संपल्यावर गुप्त आकडा उघड होतो. तपासायचं असं: मोहर आधीच कॉपी करून ठेवा, जमत असेल तिथे तुमच्या बाजूचा आकडा स्वतः बदला, नंतर उघड झालेला गुप्त आकडा दुसऱ्याच कुठल्या तरी, त्या साइटशी संबंध नसलेल्या गणकात घालून मोहर काढा. अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. जुळली, तर तुम्ही पैसे लावल्यावर निकाल बदललेला नाही एवढं नक्की.

पण कपात तशीच राहते. एव्हिएटरचा जाहीर आरटीपी ९७ आहे. त्याचा अर्थ, विमान दुप्पटीपर्यंत पोचण्याची शक्यता ४८.५ टक्के, दहापटीपर्यंत ९.७, शंभरपटीपर्यंत शंभरात एकाहूनही जरा कमी. तुम्ही कुठेही उतरा, सरासरी तीन रुपये शंभरामागे जातातच. लवकर उतरणं म्हणजे शहाणपण आणि उशिरा उतरणं म्हणजे लोभ, असं या खेळात काही नसतं. दोघांचं नुकसान सारखं, फक्त वाट वेगळी. टेलिग्रामवर ‘पुढचं विमान कुठे पडणार’ ते सांगणारे सिग्नलवाले आणि प्रेडिक्टर ॲपवाले तर सरळ भामटे. ती मोहर आधी फोडता आली असती तर त्यांनी तुमच्याकडे पाचशे रुपये मागितले असते का?

काही जण म्हणतात, आम्ही स्वतः खेळून तपासतो. बघा कसं ते जमत नाही. युरोपियन चाकावर लाल येण्याची शक्यता ४८.६५ टक्के. हजार फेऱ्यांत सुमारे ४८६ लाल यावेत, पण नुसत्या योगायोगानेच पंधरा-सोळाचा फरक सहज पडतो. साइटने गुपचूप ती शक्यता ४७ वर आणली तर ४७० येतील. म्हणजे चोरी आणि योगायोग यांचं माप जवळजवळ एकच. हजार फेरे खेळून तुम्हाला काही कळणार नाही, पैसे मात्र जातील. उलट बाजूनेही तसंच: सलग आठ वेळा काळं आलं म्हणून फसवणूक ठरत नाही. १८ ऑगस्ट १९१३ ला माँटे कार्लोत खऱ्या लाकडी चाकावर सलग २६ वेळा काळं आलं होतं, आणि ‘आता लाल येणारच’ म्हणून लावणाऱ्यांची धुळधाण झाली. हरल्यावर दुप्पट लावत जायचं ही युक्ती सांगणारे आमच्या बाजारातही आहेत. दहा रुपयांपासून सुरू करून सलग दहा वेळा हरलात तर १०,२३० गेले आणि पुढचा डाव १०,२४० चा, कशासाठी, तर सुरुवातीचे दहा रुपये मिळवायला. अशी सलग दहा हार साधारण पावणेआठशे प्रयत्नांत एकदा येते. तासाला सहाशे फेरे खेळणाऱ्याला ती फार वाट बघायला लावत नाही.

फुकटच्या डेमोवर जिंकलात म्हणून भुलू नका. ब्रिटनसारख्या ठिकाणी डेमो आणि खरा खेळ एकाच शक्यतेवर चालवायचं बंधन आहे. परवान्याचा पत्ता नसलेल्या साइटला कुणाचं बंधन?

बोनस आला की लगेच गुणाकार करा. हजार भरा, हजार बोनस, पण पैसे काढण्यापूर्वी बोनसच्या पस्तीसपट खेळ हवा. म्हणजे पस्तीस हजारांची उलाढाल. चार टक्के कपातीने सरासरी चौदाशे जाणार. बोनस हजाराचा.

एवढं सगळं करूनही माझी खरी कसोटी निराळीच आहे, आणि ती माझ्या धंद्यातून आलीय. पैसे कुणाच्या नावावर जातात ते बघा. यूपीआय करताना समोर नाव येतं. कॅसिनोच्या नावाऐवजी कुठल्या तरी ट्रेडर्सचं, किराणा दुकानाचं, नाहीतर सुट्या माणसाचं नाव येत असेल, आणि दर वेळी वेगळं येत असेल, तर ती भाड्याने घेतलेली खाती आहेत. असा खेळ आतून सरळ आहे की वाकडा हे तपासण्यात अर्थ नाही. आरएनजी उत्तम असेल, पण जिंकलेले पैसे देणारा माणूसच सापडणार नाही. पाचशे काढायला गेलं की येतात, पन्नास हजार काढायला गेलं की ‘आधी कर भरा’, ‘आधी केवायसीचे पैसे भरा’. कर जिंकलेल्या रकमेतून कापतात, तुमच्याकडून उलटा मागत नाहीत.

कायद्याचं थोडक्यात. गोव्यात जुगाराच्या १९७६ च्या कायद्यात पुढे दुरुस्त्या करून पंचतारांकित हॉटेलांत आणि मांडवीतल्या जहाजांवर कॅसिनोला परवानगी दिली गेली. शिरोड्या-आरोंद्यावरून पलीकडे जाऊन आलेली मुलं त्याचा दाखला देतात. आपल्याकडे महाराष्ट्रात कॅसिनोचा १९७६ चा कायदा होता, तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑनलाइनसाठी संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये नवा कायदा केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली: पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, नशिबाचे असोत की कौशल्याचे, चालवायलाच बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. बँकांनीही असे व्यवहार करू नयेत असं कलम आहे. शिक्षा खेळणाऱ्याला नाही. पण त्यामुळे एक गोष्ट ओळखा: आज जे ॲप तुमच्या फोनवर पैसे घेतंय त्याच्यावर आपल्याकडचा कुणीच देखरेख ठेवत नाही. माल्टाचं प्रमाणपत्र खरं असलं तरी वेंगुर्ल्यातून दाद मागायला माल्टाला कोण जाणार?

आणि हे बायाबापड्यांसाठी. "तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो" म्हणत कुणी आलं, तर पासबुक, एटीएम कार्ड, सिम काहीही द्यायचं नाही. भाच्याने मागितलं तरी नाही. खातं गोठतं ते तुमचं, पोलिसांच्या चौकशीत नाव येतं ते तुमचं, आणि त्यात पेन्शन किंवा मच्छीमार अनुदान येत असेल तर तेही अडकतं.

पैसे अडकलेच असतील तर ताबडतोब १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला, फोन लावा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. खेळताना फसलो हे सांगायची लाज वाटते म्हणून लोक आठवडा घालवतात, पलीकडच्याला तेवढाच हवा असतो. फोन करण्यापूर्वी व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर क्रमांक, ज्याच्या नावावर गेले ते नाव, ॲपमधल्या शिल्लकेचा आणि गप्पांचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. ॲप त्यानंतर काढून टाका, आधी नको. हात थांबत नसेल तर यूपीआयची रोजची मर्यादा बँकेतून कमी करून घ्या, आणि १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेला, बोला. तो फोन फुकट असतो, मराठीत बोलतात, नाव विचारून गावभर करत नाहीत.